अंगणातील पिसवा: रसायनांशिवाय कुठवर जाता येते?

सावलीतला

गेल्या दीड महिन्यापासून आमच्या अंगणात पिसवांनी उच्छाद मांडला आहे. संध्याकाळी बाहेर खुर्ची टाकून बसणे तर सोडाच, झाडांना पाणी घालायला गेले तरी घोट्यांवर लाल पुरळ घेऊनच परत यावे लागते. आमच्याकडे एक कुत्री आणि एक मांजर आहे आणि दोघींचाही बराचसा दिवस बाहेरच जातो. अंगणाचा अर्धा भाग उघडा आहे, उरलेल्या भागावर दोन मोठ्या झाडांची दाट सावली आहे, कुंपणाच्या कडेला जुन्या लाकडांचा ढीग आहे आणि मागच्या पायऱ्यांखाली एक पोकळी आहे.

सुरुवातीला घाबरून संपूर्ण अंगणात कीटकनाशक फवारून घेतले. पाच-सहा दिवस शांततेत गेले आणि दोन आठवड्यांत पिसवा पहिल्यासारख्याच हजर झाल्या. मधल्या काळात कुंपणाजवळच्या फुलांवर येणाऱ्या मधमाश्या मात्र दिसेनाशा झाल्या आणि हे मला चावण्यापेक्षा जास्त लागले. पुन्हा तशी फवारणी करायची नाही, असे ठरवले आहे. पण नैसर्गिक उपायांबद्दल जितके वाचावे तितका गोंधळ वाढतो. कोणी मीठ टाकायला सांगते, कोणी तेलाचे थेंब, कोणी पांढरी माती, तर कोणी जमिनीत सोडायचे कृमी. ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांनी, जे फसले तेही न लपवता, लिहावे ही विनंती.

खुरपे

उपायांकडे जाण्याआधी एक खात्री करून घ्या. तुम्ही ज्यांना पिसवा म्हणता त्या पिसवाच आहेत ना? निम्म्या वेळा लोक गोचिडींना पिसवा म्हणतात आणि चुकीच्या शत्रूशी लढत बसतात. गोचीड वरून खाली दाबल्यासारखी चपटी असते, पूर्ण वाढल्यावर तिला आठ पाय असतात आणि ती कधीही उडी मारत नाही. गवताच्या पात्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला चिकटते. पिसू दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी चपटी, दोन-तीन मिलिमीटरची, तांबूस तपकिरी आणि सहा पायांची असते. त्या आकारामुळेच ती केसांच्या दाटीतून पाण्यासारखी निसटते.

दोन साध्या चाचण्या करा. कुत्रीच्या शेपटीच्या बुडाशी बारीक दातांची फणी फिरवा आणि जे काळे कण निघतील ते ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. ती माती असेल तर काळीच राहील. पिसवांची विष्ठा असेल तर कणाभोवती तांबडा ओघळ पसरेल, कारण ती विष्ठा म्हणजे वाळलेले रक्तच असते.

दुसरी चाचणी अंगणाची. गुडघ्यापर्यंतचे पांढरे मोजे घाला, संध्याकाळी अंगणात एकेका जागी अर्धा-अर्धा मिनिट उभे राहा आणि प्रत्येक जागेनंतर मोज्यांवरचे ठिपके मोजून लिहून ठेवा. घरातले हसतील, हसू द्या.

सावलीतला

दोन्ही चाचण्या केल्या. कागदावर कण टाकल्यावर काही क्षण काहीच झाले नाही आणि मग एकेका कणाच्या कडेने विटकरी रंगाचे बारीक वलय उमटू लागले. ते पाहून मुलीने फणी माझ्या हातातून काढून घेतली आणि पुढचा अर्धा तास कुत्रीला विंचरत बसली.

मोज्यांचा निकाल अगदीच अनपेक्षित आहे. उघड्या गवतावर सहा ठिकाणी उभा राहिलो, सहाही ठिकाणी शून्य. भाजीच्या वाफ्यांजवळ शून्य. लाकडांच्या ढिगाजवळ 11. मागच्या पायऱ्यांपाशी 26. झाडाखाली कुत्री ज्या खळग्यात अंग मुडपून झोपते तिथे 4. म्हणजे एकूण 41 ठिपके आणि ते तिन्ही जागा मिळून एका सतरंजीएवढ्या जमिनीवर. मी मात्र फवारणी संपूर्ण अंगणावर केली होती.

निंबोळी

तुमचे आकडे वाचून आश्चर्य वाटले नाही. पिसवा अंगणभर नसतातच. त्या प्राणी जिथे विसावतो तिथे असतात. असे का होते हे एकदा नीट समजून घेतले की कोणता उपाय कुठे करायचा आणि कुठे मुळीच करायचा नाही हे आपोआप ठरते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

कुत्र्यामांजरांवर बहुतेक वेळा जी पिसू आढळते ती एकच, मांजर-पिसू. नाव मांजराचे असले तरी कुत्र्यावरही तीच सर्वाधिक असते. पूर्ण वाढलेली पिसू एकदा प्राण्याच्या अंगावर चढली की सहसा स्वतःहून खाली उतरत नाही. ती तिथेच रक्त पिते आणि पहिल्या आहारानंतर एक-दोन दिवसांत अंडी घालू लागते, तीही बहर असताना दिवसाला चाळीस-पन्नास. ही अंडी मोत्यासारखी पांढरी, अर्ध्या मिलिमीटरची आणि गुळगुळीत असतात. केसांना चिकटत नाहीत, घरंगळून खाली पडतात. त्यांच्याबरोबर तुम्ही कागदावर पाहिलेली ती वाळलेल्या रक्ताची विष्ठाही पडते. अंड्यातून दोन ते दहा दिवसांत अळी बाहेर येते आणि तिचे मुख्य अन्न हीच विष्ठा असते. म्हणजे प्राणी जिथे लोळतो, अंग झाडतो, खाजवतो तिथे पाळणा आणि शिदोरी एकदमच पडते. उघड्या गवतावरून कुत्री धावत गेली तर दोन-चार अंडी पडतीलही, पण तिथल्या अळीला ना अन्न, ना आडोसा.

अळीच्या बाबतीत एक गोष्ट आपल्या फार उपयोगाची आहे. ती उन्हाला आणि कोरडेपणाला अत्यंत नाजूक असते. हवेतील आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या खाली टिकून राहिली तर ती वाळून मरते आणि थेट उन्हात फार वेळ तग धरत नाही. म्हणून ती प्रकाशापासून दूर, खाली, पाचोळ्याच्या आणि भुसभुशीत मातीच्या आत सरकते. तुमची पायऱ्यांखालची पोकळी म्हणजे तिच्यासाठी आयते सूतिकागृह आहे.

एक-दोन आठवड्यांत अळी रेशमी कोष विणते. तो चिकट असतो, त्यामुळे त्यावर मातीचे कण आणि केस चिकटतात आणि तो सहजी दिसत नाही. कोषातली पिसू एखाद-दुसऱ्या आठवड्यात तयार होते, पण बाहेर यायची घाई करत नाही. ऊब, दाब, पावलांची कंपने किंवा श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की ती बाहेर पडते. नाही तर कित्येक महिने तशीच दबून बसते. या कोषात फवारणी पुरेशी पोहोचत नाही. तुमची फवारणी दोन आठवड्यांत "फसली" ती याचमुळे. अंगावरच्या आणि बाहेरच्या मेल्या, कोषातल्या नंतर बाहेर आल्या.

तेव्हा माझे मत असे की अंगणाला औषध देण्याऐवजी आधी अंगणातल्या त्या सतरंजीएवढ्या जागेची सावली, ओल आणि पाचोळा काढून घ्यावा. पायऱ्यांखालचा सगळा पाला दंताळ्याने ओढून काढा, पिशवीत बांधून लगेच टाकून द्या, खताच्या ढिगात टाकू नका. झाडांच्या खालच्या फांद्या छाटून ऊन जमिनीपर्यंत येऊ द्या. कुत्रीच्या खळग्यातली वरची माती दर दोन-तीन दिवसांनी उलथून उन्हात पसरा. मग पोकळीचे तोंड जाळीने बंद करा, म्हणजे मांजरीला तिथे पुन्हा जाता येणार नाही.

आडवाटा

एवढा खटाटोप कशाला? आमच्याकडे पायऱ्यांभोवती जाडे मीठ टाकले होते आणि पिसवा गेल्या. शिवाय कुत्र्याच्या जेवणात रोज एक लसणाची पाकळी घातली की त्याच्या रक्ताचा वास पिसवांना नकोसा होतो. दोन्ही गोष्टी स्वयंपाकघरातल्याच आहेत, त्यामुळे अपाय होण्याचा प्रश्नच येत नाही.

दवाखान्यातली

मी गेली अनेक वर्षे प्राण्यांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून काम करते, म्हणून वरच्या प्रतिसादाला उत्तर न देता पुढे जाणे मला जमणार नाही. आडवाटा, राग मानू नका.

लसूण कुत्र्यामांजरांना विषारी आहे. कांदा आणि लसूण या कुळातील घटक त्यांच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. मांजरे तर याबाबतीत कुत्र्यांपेक्षाही नाजूक असतात. एका पाकळीने मोठ्या कुत्र्याला कदाचित काही दिसणारही नाही, पण "रोज" हा शब्द धोक्याचा आहे. आणि लसणाने पिसवा पळतात याला भरवशाचा आधार नाही. ज्या प्राण्याचे रक्त आधीच पिसवा पीत आहेत त्याच्या तांबड्या पेशी आपणही कमी करायच्या, याला उपाय म्हणवत नाही.

मीठ वाळवते हे खरे, पण पिसवा जातील इतके मीठ मातीत टाकले तर त्या जागी पुढे गवतही उगवणार नाही, आणि पहिल्या पावसात ते वाफ्यांकडे वाहत जाईल. बोरिक पावडरीचेही तसेच. ती घरातल्या गालिच्यांसाठी काही जण वापरतात, बागेतल्या मातीत ती झाडांना मारते.

सुगंधी तेलांबद्दलही येथेच सांगते, कारण ते कोणीतरी सुचवणारच. टी ट्री, पेनीरॉयल, लवंग, लिंबूवर्गीय सालींचे तेल अशी तीव्र अर्क-तेले मांजरांच्या यकृताला नीट हाताळता येत नाहीत. अंगावर लावली नाहीत, नुसती पायऱ्यांवर शिंपडली, तरी मांजर त्यावरून चालते आणि नंतर पंजे चाटते. थरथरणारी, लाळ गाळणारी, पायांवर उभी राहू न शकणारी मांजरे मी पाहिली आहेत आणि त्यांना आणणारे लोक बहुतेक वेळा हेच सांगतात की "आम्ही तर नैसर्गिकच वापरले होते."

खुरपे

पायरेथ्रमही नैसर्गिकच असते. शेवंतीच्या कुळातल्या फुलांपासून काढतात. मधमाश्यांना आणि मासळीला ते चांगलेच बाधते. सावलीतला, तुम्ही मधमाश्यांसाठी हळहळलात म्हणून सांगितले. "वनस्पतीजन्य" असे डब्यावर लिहिलेले पाहून फसू नका.

निंबोळी

माझ्या नावावरून मी कडुनिंबाची वकिली करीन असे वाटले असेल, म्हणून आधीच सांगून टाकते. निंबोळी तेलातील अझाडिरॅक्टिन किडीच्या कात टाकण्यात अडथळा आणते, त्यामुळे अळ्यांवर त्याचा उपयोग होऊ शकतो. पण उन्हात ते काही दिवसांत निकामी होते आणि कोषांवर किंवा पूर्ण वाढलेल्या पिसवांवर त्यावर भिस्त ठेवण्याइतका परिणाम मला कधी दिसला नाही. मी दोन हंगाम फवारले. पहिल्या हंगामात पिसवा गेल्या आणि मी सगळे श्रेय निंबोळीला दिले. दुसऱ्या हंगामात फवारणी तीच, पण पाचोळा काढायचा आळस केला, तर पिसवा जशाच्या तशा राहिल्या. तेव्हापासून मी दंताळ्याला जास्त मान देते.

गांडूळमित्र

जमिनीत सोडायच्या कृमींबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून माझा अनुभव लिहितो. यांना कीडभक्षी सूत्रकृमी म्हणतात आणि पिसवांसाठी जी जात वापरतात तिचे नाव स्टायनर्नेमा कार्पोकॅप्सी. डोळ्यांना न दिसणारे हे कृमी मातीच्या वरच्या थरात दबा धरून बसतात, अळी किंवा कोष हाती लागला की शरीरातल्या छिद्रांतून आत शिरतात आणि स्वतःबरोबर आणलेले जिवाणू तिथे सोडतात. त्या जिवाणूंमुळे अळी एक-दोन दिवसांत मरते आणि कृमी तिच्यातच वाढतात. माणसे, कुत्री, मांजरे आणि गांडुळे यांना ते काही करत नाहीत. माझ्यासारख्या गांडुळे पाळणाऱ्या माणसाने तीन वेळा खात्री करूनच ते आणले होते.

पहिल्या वेळी मी त्यांचा पुरता सत्यानाश केला. दुपारी, कडक उन्हात, कोरड्या मातीवर फवारले आणि वर पंपाची बारीक गाळणी तशीच ठेवली. ऊन त्यांना काही मिनिटांत मारते, कोरड्या मातीत ते हलू शकत नाहीत आणि गाळणीत निम्मे अडकले असावेत. दुसऱ्या वेळी नीट केले ते असे. पाकीट आणल्यापासून थंड जागी ठेवले आणि मुदत संपायच्या आत वापरले. मिसळण्याआधी चिमूटभर पदार्थ कोमट पाण्याच्या थेंबात टाकून काही मिनिटांनी भिंगातून पाहिले. दोऱ्याच्या तुकड्यांसारखे जीव वळवळताना दिसले तेव्हाच पुढे गेलो. माती आधी भिजवली, सूर्य मावळल्यावर साध्या झारीने पाणी घातले आणि झारी सतत ढवळत राहिलो, कारण कृमी तळाशी बसतात. नंतर पुन्हा थोडे पाणी देऊन ते मातीत उतरवले. पुढचे दोन आठवडे ती माती ओलसर ठेवली. माती साधारण पंधरा ते तीस अंश सेल्सिअस तापमानाची असेल तेव्हाच त्यांचे काम नीट चालते.

सावलीतला

येथे माझा गोंधळ होतो आहे. निंबोळीताई सांगतात की जागा कोरडी करा, गांडूळमित्र सांगतात की ती दोन आठवडे ओली ठेवा. दोन्ही एकाच जागी कसे करणार?

गांडूळमित्र

प्रश्न अगदी रास्त आहे, आणि मी तो उलगडून लिहायला हवा होता. ज्या जागेला ऊन मिळू शकते तिथे कृमींची गरजच नाही. तिथे निंबोळीताईंचाच मार्ग धरा. कृमी फक्त तिथे, जिथे सावली हटवता येत नाही आणि जी ओल राहणारच आहे. तुमच्या बाबतीत लाकडांच्या ढिगाखालची जमीन आणि झाडाच्या खोडालगतचा खळगा, एवढेच. पायऱ्यांखाली पाऊस पोहोचत नाही आणि माती कोरडी असते, तिथे पाणी ओतून मुद्दाम दमट करू नका.

लाकडांचा ढीग मात्र आधी हलवा. विटांवर फळ्या टाकून तो जमिनीपासून वीतभर उंच रचा, म्हणजे खालून हवा खेळेल आणि उंदरांचा आसराही जाईल. मला शंका आहे की त्या 11 पिसवा तुमच्या कुत्रीच्या नसून तिथे येणाऱ्या पाहुण्यांच्या आहेत.

दवाखान्यातली

उंदरांचा विषय निघाला म्हणून एक सावधगिरी सांगते. ढीग हलवताना जाड हातमोजे, पूर्ण बाह्या आणि पायमोज्यांत खोचलेली विजार असू द्या. मेलेला उंदीर सापडला तर हात लावू नका, कारण प्राणी थंड पडू लागला की पिसवा त्याला सोडून नव्या अंगाच्या शोधात निघतात. प्लेग उंदरांकडून माणसांपर्यंत पिसवांमार्फत पोहोचतो हे 1898 मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी मांडले, तेही नेमक्या याच वागणुकीवर लक्ष ठेवून. त्या रोगाची मुख्य वाहक वेगळी, उंदरांवरची पिसू आहे; तुम्हाला घाबरवण्याचा हेतू नाही. पण अचानक अनेक उंदीर मरून पडलेले दिसले तर स्वतः साफसफाई न करता आरोग्य खात्याला कळवा.

आता जे मला मनापासून सांगायचे आहे ते. तुम्ही अंगणाबद्दल विचारले आहे, पण अंगणातल्या बहुतेक पिसवांची अंडी तुमच्या कुत्रीच्या किंवा मांजरीच्या अंगावरून पडलेली आहेत. दोघींना पशुवैद्याकडून पिसवांचे औषध सुरू करा आणि ते सलग काही महिने चालू ठेवा. मग होते असे की कोषातून बाहेर आलेली नवी पिसू त्यांच्या अंगावर चढते आणि अंडी घालण्याआधीच मरते. तुमचे प्राणीच अंगणातून फिरता सापळा होतात. त्यानंतर अंगणात विष टाकायची गरजच उरत नाही.

सावलीतला

पण मग हे "रसायनांशिवाय" कसे झाले? मी धागा ज्या हेतूने काढला त्यालाच हे छेद देते.

दवाखान्यातली

होय, देते. मी तुमची समजूत घालणार नाही. एका प्राण्याच्या अंगावर मोजून दिलेला एक डोस आणि संपूर्ण अंगणावर मारलेला पंप, यांपैकी मधमाशीच्या वाट्याला काय येते याचा विचार तुम्हीच करा. कुत्रीच्या मानेवर लावायचे थेंब वापरलेत तर तिला पुढचे काही दिवस तळ्यात किंवा ओढ्यात उतरू देऊ नका, कारण ती औषधे पाण्यातल्या किड्यांनाही मारतात. आणि एक फार महत्त्वाचे: कुत्र्यांसाठीच्या काही औषधांत परमेथ्रिन असते, ते मांजरीला जीवघेणे ठरू शकते. तुमच्या दोघी एकमेकींना चाटत असतील, एकत्र झोपत असतील, तर हे डॉक्टरांना न विसरता सांगा.

औषध नकोच असेल तर रोजची फणी हा एकच प्रामाणिक पर्याय आहे. फणी फिरवा, निघालेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवा, अंथरूण दर आठवड्याला कढत पाण्यात धुवा. हे वर्षभर एक दिवसही न चुकता करणारी दोन घरे मला ठाऊक आहेत. प्राणी खाजवून कातडी सोलत असेल, किंवा लहान पिल्लाच्या हिरड्या फिकट पडल्या असतील, तर मात्र फणीवर थांबू नका. विष्ठेत तांदळाच्या दाण्यांसारखे तुकडे दिसले तर तेही सांगा. चावताना पिसू गिळली गेली की त्यातून पट्टकृमी होतो.

आडवाटा

लसणाबद्दल चूक मान्य आहे. आजच बंद केला. डायटोमेशिअस अर्थ या पांढऱ्या पावडरीबद्दल कोणी सांगेल का? ती तर निव्वळ माती असते.

खुरपे

माती नव्हे. सूक्ष्म शेवाळांच्या सिलिकाच्या कवचांचा चुरा. किड्याच्या अंगावरचा मेणाचा थर खरवडतो आणि शोषून घेतो, मग किडा वाळून मरतो. म्हणजे कोरडी असेपर्यंतच उपयोग. दव पडले, पाणी पडले की काम थांबते. सावलीतला यांच्या पायऱ्यांखालच्या कोरड्या पोकळीत, आणि केवळ तिथेच, मी ती वापरीन. पाचोळा काढल्यावर अगदी पातळ थर, टेबलावरच्या धुळीइतका. ढीग घातला तर किडे वळसा घालून जातात. पोहण्याच्या तलावांच्या गाळणीसाठी भाजलेली पावडर मिळते ती घेऊ नये, तिच्यातली स्फटिकी सिलिका फुप्फुसांना घातक असते. दुसरी घेतली तरी नाकावर मास्क हवाच आणि धूळ बसेपर्यंत प्राणी लांब हवेत. फुलांवर कधीही नाही. ती मित्रकीटक आणि शत्रुकीटक ओळखत नाही. प्राण्याच्या अंगाला चोळणे तर अजिबात नाही.

आणि पायऱ्यांपाशी मुंग्या दिसल्या तर त्यांना राहू द्या. मुंग्या पिसवांची अंडी आणि अळ्या उचलून नेतात. बागेत माझ्याकडे फुकट राबणारे तेवढेच.

सावलीतला (तीन आठवड्यांनंतर)

सगळ्यांनी सांगितलेले बरेचसे केले. पायऱ्यांखालून तीन पोती पाचोळा निघाला. त्यात मांजरीच्या केसांचा एक गोळा होता, गादीतल्या कापसासारखा दाबलेला, आणि उन्हात धरल्यावर त्यात मीठ-मिरी मिसळल्यासारखे पांढरे-काळे कण दिसले. निंबोळीताईंनी लिहिलेला पाळणा आणि शिदोरी ती हीच असावी. पोकळीत पावडरीचा पातळ थर दिला आणि जाळी ठोकली. लाकडे विटांवर रचली. ढिगाखाली आणि खळग्यात सूत्रकृमी सोडले. बरीच चलबिचल झाल्यावर दोघींना डॉक्टरांनी दिलेले औषधही सुरू केले.

आणि काल मोज्यांवर 58 ठिपके मोजले. आधी 41 होते. इतके करून पिसवा वाढल्या कशा, हे मला कळत नाही आणि घरात माझ्या शब्दाला आता फारसे वजन राहिलेले नाही.

निंबोळी

वाढल्या नाहीत, बाहेर आल्या. तुम्ही दंताळे चालवले, लाकडे हलवली, रोज तिथे वावरलात. त्या हादऱ्यांनी महिनोन्‌महिने दबून बसलेले कोष फुटले. त्या 58 पिसवा तुम्ही सुरुवात करायच्या आधीच तयार होत्या. आता फवारणीचा मोह झाला तरी आवरा. उलट रोज सकाळी त्या जागांवरून पाच मिनिटे फिरा आणि कुत्रीलाही फिरवा, म्हणजे उरलेल्याही लवकर निघतील आणि तिच्या अंगावरच्या औषधाने मरतील. मोज्यांवरच्या पिसवा साबणाच्या पाण्यात झटका. नुकती बाहेर पडलेली पिसू उपाशी राहिली तर सहसा एक-दोन आठवड्यांपलीकडे जगत नाही. दोन महिन्यांच्या आत निष्कर्ष काढू नका.

दवाखान्यातली

याच आठवड्यात सर्वाधिक लोक "औषध लागू पडत नाही" म्हणून परत येतात. नवी अंडी पडत आहेत का एवढेच पाहा. कुत्रीला पांढऱ्या चादरीवर उभी करून विंचरा. काळे कण कमी होत असतील तर मोज्यांचा आकडा काहीही म्हणो, तुमचे बरोबर चालले आहे.

सावलीतला

चादरीवर काल दोनच कण पडले, आणि त्यांतला एक ओल्या कागदावर काळाच राहिला. रोज फिरतो आहे.

सावलीतला (दहा आठवड्यांनंतर)

पाचव्या आठवड्यात 19, सातव्यात 6, आणि काल संपूर्ण अंगणात 1. पायऱ्यांपाशी सलग दोन आठवडे शून्य आहे. सूत्रकृमींनी किती काम केले आणि ढीग उचलण्याने किती, हे मला वेगळे करून सांगता येणार नाही, कारण दोन्ही एकाच दिवशी केले. पावडर दुसऱ्यांदा द्यावी लागली नाही. कुंपणावरच्या फुलांवर मधमाश्या परत आल्या आहेत, मात्र त्या तिथल्याच की नव्या हे त्यांनाच ठाऊक.

जो एक ठिपका मिळाला तो नव्या जागी होता. जाळी लागल्यामुळे मांजरीने आता पाण्याच्या टाकीमागची अरुंद बोळ निवडली आहे. तिथे ऊन येत नाही आणि झाडाचा पाला वाऱ्याने साचतो. काल संध्याकाळी तिथला पाला काढला. दंताळे बोळीत मावत नाही, त्यामुळे खराट्याचा दांडा कापून आखूड करावा लागला.

खुरपे

तिथे एक जुनी गोणपाट टाकून ठेवा. मांजर त्यावर झोपेल आणि अंडी त्यातच पडतील. दर चार दिवसांनी गोणपाट उचला, कढत पाण्यात बुडवा, उन्हात वाळवा. खराट्याचा दांडा उगाच कापलात.